पाच सेकंदांत विझणारा गिझर

डिसेंबरातली गोष्ट. नौपाड्यातली आमची इमारत जुनी, तीन मजली. आम्ही सगळ्यात वर. बाहेरून रंगकाम चाललं होतं आणि नेमका त्याच दिवसांत गिझर रुसला. नळ सोडला की नेहमीसारखं टक-टक-टक, मग भप्प करून ज्योत पेटायची आणि पाच सेकंदांत खट् आवाज होऊन विझायची. नळ बंद करा, पुन्हा सोडा, पुन्हा तेच. अंगाला साबण लावून हा खेळ खेळून बघा एकदा.

गिझर पाइप गॅसवरचा, आधीच्या मालकांनी बाथरूममध्येच बसवलेला. सात वर्षांत आम्ही त्याची सेवा केली ती एवढीच, की सहा महिन्यांनी खालचे दोन मोठे सेल बदलायचे. तेच आधी बदलले. फरक शून्य. मग मला पाण्याच्या दाबाचा संशय आला. दहा मीटर उंचीमागे एक बार दाब मिळतो आणि आमची टाकी नळापासून जेमतेम चार मीटर वर, म्हणजे दाब जन्मजातच कमी. पण अण्णांनी, माझ्या सासऱ्यांनी, तो संशय एका वाक्यात निकालात काढला. "दाब कमी असता तर ठिणगीच पडली नसती." पाणी आत शिरलं की एक रबरी पडदा फुगतो, तो एका छोट्या स्विचला ढकलतो, आणि मगच सेलवरची ठिणगी सुरू होते. आमची ठिणगी तर व्यवस्थित पडत होती.

मेकॅनिक आला. झाकण न काढताच म्हणाला, "मॅडम, कटऑफ गेलाय. डायरेक्ट करून देतो, चारशे रुपये. परत मधे बंद पडणार नाही."

खरं सांगते, मी हो म्हणणार होते. मुलाची शाळा, माझी लोकल, दोन दिवसांच्या अर्धवट अंघोळी. अण्णा मधे पडले. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तीस वर्षं बॉयलर अटेंडंट होते. 'डायरेक्ट', म्हणजे सुरक्षेचा स्विच वगळून तारा थेट जोडणं, हा शब्द कानावर पडला की त्यांचा चेहरा बदलतो. "अरे, कटऑफ पाणी जास्त तापलं की तोडतो. इथे पाच सेकंदांत पाणी कोमट तरी होतंय का? मग त्याचा काय दोष?" मेकॅनिकनं मोबाइल पाहिला, तासाभरात येतो म्हणाला आणि गेला तो गेलाच.

दुपारी गॅसचा कॉक बंद करून, सेल काढून अण्णांनी पुढचं झाकण उघडलं. बर्नरच्या तोंडाशी पांढऱ्या चिनी मातीच्या गळ्याच्या दोन काड्या होत्या. एक ठिणगी पाडते, दुसरी ज्योतीत नुसती उभी राहते. या दुसरीची गंमत मला त्या दिवशी कळली. ज्योतीतून वीज वाहते! अगदी किंचित, मायक्रोअँपिअरमध्ये मोजायची, पण वाहते. काडीतून ती आली की आतल्या डबीला कळतं, ज्योत आहे. काही सेकंदांत आली नाही, तर ज्योत नाही असं समजून डबी गॅस बंद करते. नाहीतर न जळलेला गॅस खोलीत भरत राहील. आमच्या काडीवर राखाडी-काळी पुटं चढली होती. ज्योत होती, पण डबीला दिसत नव्हती.

झिरो नंबरच्या पॉलिश पेपरनं काडी हलकेच घासली. गिझर पेटला आणि पेटलेलाच राहिला. मी टाळी वाजवली. अण्णा मात्र वाकून ज्योत बघत होते. तिची टोकं पिवळी होती. वर तांब्याच्या पत्र्यांवर काजळी. "गॅस निळाच जळायला हवा," म्हणाले आणि गिझर बंद केला.

बर्नरला हवा घ्यायची भोकं पांढऱ्या भुकटीनं बुजली होती. बाहेरच्या भिंतीवरची लांबी (पुट्टी) घासत होते, ती धूळ. मग लक्ष खिडकीकडे गेलं. धूळ येऊ नये म्हणून रंगाऱ्यांनी परांचीवरून प्लॅस्टिक लावलं होतं, आणि उरलेल्या फटीत मीच कागद कोंबला होता. दार बंद केलं की बाथरूमला हवा यायला जागाच नव्हती. हवा अपुरी पडली की ज्योत पिवळी होते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

तेव्हा मला आई, माझ्या सासूबाई, आठवल्या. आठवडाभर अंघोळीहून आल्या की त्या दहा मिनिटं पलंगावर बसून राहायच्या. डोकं जड झालंय, गरगरतंय. आम्ही विचारायचो, बीपीची गोळी घेतली का? हा वायू दिसत नाही, वास येत नाही (गॅसला मुद्दाम घातलेला वास गळतीचा, हा जळाल्यानंतरचा), आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. रक्त तपासलं नव्हतं, त्यामुळे तेच होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण बाहेर बादलीनं अंघोळ सुरू केल्यावर गरगरणं थांबलं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

नणंद कॅलगरीला असते, तिला फोनवर सांगितलं. तिच्या तळघरात घर तापवणारी गॅसची फर्नेस आहे. ती म्हणाली, "आमचीही अशीच थंडीत बंद पडली होती, तशीच काडी निघाली." तिची फर्नेस पेटायच्या आधी एक छोटा पंखा सुरू होतो, धूर बाहेर ओढतो, आणि धुराड्यात ओढ आहे हे दाबाच्या स्विचला पटल्याशिवाय गॅस सुटतच नाही. आमच्या गिझरमध्ये धूर कुठे जातो हे बघणारा कुणीच नव्हता. नव्या काही गिझरांत ऑक्सिजन कमी झाला की बंद होण्याची सोय असते. आमच्यात तीही नाही.

मग गिझर मागच्या गॅलरीत हलवायचं ठरलं. पाइप गॅसची लाइन कुठल्याही प्लंबरकडून सरकवायची नसते, गॅस कंपनीकडे अर्ज करावा लागतो. तो केला. तीन आठवडे पातेल्यात पाणी तापवलं. सोसायटीच्या सेक्रेटरींना नव्या रंगातून बाहेर निघणारं धुराड्याचं नळकांडं पसंत नव्हतं. अण्णा त्यांच्याशी दोन संध्याकाळ बोलत बसले, काय बोलले देव जाणे. लाइन बसवल्यावर गॅस कंपनीच्या माणसानं प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिलं. सर्व्हिसवाल्या दुसऱ्या मेकॅनिकनं बर्नर सोडवून ब्रशनं साफ केला. कटऑफ तपासला, तो ठणठणीत होता.

आता गॅलरीत उभं राहिलं की गिझरच्या छोट्या खिडकीतून ज्योत दिसते, निळी. पाइप लांबल्यामुळे पहिली अर्धी बादली गार पाणी येतं. आई ते कुंड्यांना घालतात आणि दर वेळी म्हणतात, आधीचंच बरं होतं.