वेर्ण्याला कामासाठी एक रात्र: आधी तिकिटावरचा विमानतळ बघा

गेल्या दोन वर्षांत दक्षिण गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत मशिनच्या सर्व्हिसिंगसाठी माझ्या अकरा फेऱ्या झाल्या. पुण्याहून एकट्यानं जायचं, एक रात्र राहायचं, काम उरकून परत. पहिल्या फेरीनंतर ‘मला पुन्हा गोव्याला पाठवू नका’ असं मी ऑफिसात सांगितलं होतं. आता ही फेरी स्वतः मागून घेतो.

पहिल्या रात्रीचं आधी सांगतो, कारण तिचा राग अजून गेलेला नाही. तिकिटावर नुसतं ‘गोवा’. हॉटेलवाल्यानं फोनवर सांगितलं, विमानतळापासून वीस मिनिटं. गोव्यात विमानतळ दोन. तो वास्कोजवळच्या जुन्या दाबोळीबद्दल बोलत होता आणि माझं विमान उतरलं नव्या मोप्याला. मोपा पेडणे तालुक्यात, पार उत्तरेला. ५ जानेवारी २०२३पासून तिथून विमानं सुरू झाली. वेर्णा सासष्टी तालुक्यात, दक्षिणेला. मध्ये साठेक किलोमीटर आणि मांडवी-झुआरी दोन्ही नद्या. रात्रीचे नऊ वाजून गेलेले, खांद्यावर अवजारांची अकरा किलोची बॅग. टॅक्सीच्या काउंटरवर रांग होती म्हणून बाहेर विचारणाऱ्या एकाबरोबर तीन हजारांत ठरवलं. गाडीत मीटर होता, तो चालू केला नाही. झुआरीचा पूल ओलांडल्यावर म्हणाला, परत रिकामं यावं लागतं, आठशे जास्त द्या. अंधारात, अनोळखी रस्त्यावर, एकटा माणूस काय करणार? दिले. पावती नाही, त्यामुळे ऑफिसनंही ते आठशे मंजूर केले नाहीत. पावणेअकराला पोचलो तर किचन बंद. बिस्किटं खाऊन झोपलो.

तेव्हा तिकीट काढताना अक्षरं बघा: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. वेर्णा, वास्को किंवा मडगावला काम असेल तर दाबोळीच घ्या, तिकीट हजारभर महाग असलं तरी. मोपाच नशिबी आला तर कितीही रांग असो, काउंटरवरूनच टॅक्सी करा आणि पावती घ्या. त्याहून चांगलं म्हणजे कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी एसटीची, इलेक्ट्रिक बस पकडून पणजीला उतरा आणि तिथेच राहा. विमानाची वेळ मात्र बसच्या वेळेशी आधी ताडून बघा.

पणजीतच राहा, हे मी ठासून सांगतो. किनाऱ्यावर अजिबात नको. एकदा कळंगुटला राहिलो. शेजारच्या खोलीत दहा जणांचा ग्रुप, भिंतीतून ढोल घुमावा तसा आवाज, आणि सकाळी पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामामुळे पाऊण तास गाडी जागची हलली नाही. कामाच्या दिवशी हे परवडत नाही. पणजीत कदंबच्या स्टँडवरून खाडीवरचा पूल ओलांडला की फोंतेनेस आणि मळा या जुन्या वस्त्या, बॅग पाठीवर घेऊन पंधरा मिनिटांची चाल. खोली आतल्या बाजूची मागा.

सकाळी वेर्ण्याला जाताना मी केलेली चूक करू नका. पणजी-मडगाव शटल नॉनस्टॉप असते. मी ऐटीत तिकीट काढून बसलो, वेर्णा खिडकीतून मागे गेलं आणि मडगावला उतरून उलटा आलो. क्लायंटकडे पन्नास मिनिटं उशीर. थांबत थांबत जाणारी बस धरा, कंडक्टरला दोनदा सांगा. जंक्शनपासून आत वसाहतीत चालत जाऊ नका, पायलट करा. पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, पिवळ्या-काळ्या रंगाची. ‘खंय वचपाचें?’ (कुठं जायचं?) असं विचारलं की कंपनीचं नाव आणि गेट सांगा, भाडं बसण्याआधी ठरवा. मराठी बहुतेकांना कळतं. संध्याकाळी सहाच्या आत निघा. आठनंतर बस कमी होत जातात.

जेवणाचंही वेळेवर आहे. दुपारची फिश थाळी तीनच्या आत. त्यानंतर छोटी खानावळ सातपर्यंत बंद असते, एकटा माणूस उपाशी राहतो. थाळीत कढी (माशाची आमटी), किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), सोलकढी येते. वरचा इसवणाचा (सुरमईचा) तुकडा मात्र वेगळ्या भावाचा, तो मागवण्याआधी भाव विचारा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा भाव फार चढतात. त्या दिवसांत तिसऱ्या (शिंपल्या) किंवा सुकी मासळी खा. सकाळी पणजीतल्या कॅफे तातोची पातळ भाजी आणि उंडो (गोल कडक पाव). तिथे एकट्याला कोणी विचित्र नजरेनं बघत नाही, टेबल वाटून घेतात.

आणि ज्यासाठी मी आता ही फेरी मागून घेतो ते सांगतो. काम संपलं की आंघोळ करून पणजीच्या धक्क्यावर जायचं आणि मांडवीपलीकडच्या बेतीची फेरीबोट धरायची. चालत जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. पाच-सात मिनिटं. कामावरून घरी जाणारे लोक, भाजीच्या पिशव्या, दुचाक्या, काळं होत चाललेलं मांडवीचं पाणी. पलीकडे उतरायचं, चहा घ्यायचा, पुढच्या बोटीनं परत. दिवसभर मशिनच्या घरघरीत उभं राहिल्यावर डोकं शांत होतं ते तिथेच. परवा तीन वेळा गेलो-आलो. घरी बायकोला फोन बोटीवरूनच केला, तिलाही इंजिनाचा आवाज ऐकवला. पाऊस असला तरी जा, रेनकोट बॅगेत हवाच.

सकाळी वेळ उरला तर पणजीतच, पाटोला कृष्णदास शामा ग्रंथालय आहे. १८३२ सालापासूनचं ग्रंथालय, आताची इमारत नवी. मराठी पुस्तकं भरपूर. रिपोर्ट लिहायला मी तिथे बसतो, हॉटेलच्या लॉबीपेक्षा शंभर पटींनी बरं.

परतीला रेल्वे असेल तर लक्षात ठेवा, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. जुन्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. पुण्याला जाणारी गोवा एक्स्प्रेस वास्कोहून सुटते, मडगावला थांबते आणि लोंढा-बेळगाव-मिरजेवरून येते. वेर्ण्याहून मडगाव जवळ आहे, मी तिथूनच चढतो. जेवण बरोबर घ्या.