मेपल राहू दे, नांद्रुकाची गुटी बांधा

जपानी मेपलचं बोन्साय कोकण किनाऱ्यावर करण्याचा हट्ट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बी रुजायला तीनेक महिने 1 ते 5 अंशांचा गारवा लागतो, तो फ्रीजमध्ये देता येईल. पण पुढे झाडाला दर हिवाळ्यात पानं गाळून विश्रांती हवी असते आणि तेवढी थंडी रत्नागिरी-मालवणात पडतच नाही. रोप खंगत जातं.

मात्र मेपलसाठी जपानी लोक जी 'तोरिकी' करतात, ती म्हणजे आपली गुटी कलमच: फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटवायची आणि मग कापून लावायची. ती नांद्रुकावर, म्हणजे वडाच्या जातकुळीतल्या झाडावर करा. पान लहान, मुळं भराभर फुटतात, पाऊस सोसतो. बियांपासून जाड बुंधा व्हायला वर्षानुवर्षं जातात. कापलेली फांदी मातीत खोवली तर बहुतेकदा एकाच बाजूला मुळं येतात. गुटीत अंगठ्याएवढी जाड, वळणदार फांदी थेट मिळते आणि मुळं सगळीकडून फुटतात.

जूनमध्ये पाऊस नीट लागला की बांधा. फांदीच्या जाडीच्या दीडपट रुंदीची साल गोल काढा. चीक ओल्या फडक्यानं पुसा. मग उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर चाकूच्या पाठीनं खरवडून काढा. बहुतेक गुट्या फसतात त्या इथेच: हा थर राहिला तर साल पुन्हा सांधली जाते आणि मुळं येत नाहीत. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली उतरतं. वाट तुटली की ते वरच्या काठाशी अडतं, म्हणून मुळं तिथेच फुटतात. मुळं फुटवणारी पावडर लावायची तीही वरच्याच काठाला.

शेवाळ भिजवून घट्ट पिळा, सोललेल्या जागेभोवती मूठभर गुंडाळा, वर प्लास्टिक. वरची गाठ आवळून बांधा. आपल्या पावसात पाणी आत शिरलं की गुटी कुजते. खालची गाठ जराशी सैल चालेल.

दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळं दिसतात. पांढरी असताना घाई नको, ती तपकिरी होऊन त्यांना फाटे फुटू द्या. मग गुटीच्या लगेच खाली कापा. ऑगस्टअखेर हे उरकलेलं बरं, ऑक्टोबरच्या उन्हात कोवळी मुळं करपतात.

लावताना मुळांखाली फुटक्या कौलाचा सपाट तुकडा ठेवा आणि मुळं छत्रीच्या काड्यांसारखी पसरा. खाली जायला वाट नसली की ती आडवी वाढतात, बुंध्याचा पाया रुंद होतो. शेवाळ ओढून काढू नका, मुळं तुटतात. कुंडीत भरायला जांभ्याची 3 ते 6 मिलिमीटर चाळलेली, धुतलेली खडी 3 भाग आणि कुजलेलं शेणखत 1 भाग. नारळाचा भुसा वापरायचाच तर आधी दोन-तीनदा पाण्यातून काढा, त्यात खार असतो. निम्मी पानं कापा, झाड कुंडीला सुतळीनं बांधा आणि तीन आठवडे सावलीत ठेवा. हललं की नवी मुळं तुटतात.