खडूच्या थरातला बोगदा
इंग्लंड-फ्रान्समधल्या चॅनल टनेलचं, म्हणजे समुद्राखालच्या रेल्वे बोगद्याचं, नाव निघालं की लोक गाडीच्या स्पीडबद्दल बोलतात, मला मात्र वेड लावलंय ते तिथल्या खडकाने. समुद्राच्या तळाखाली चॉक मार्लचा थर आहे, खडूत चिकणमाती मिसळलेली, म्हणजे खोदायला मऊ आणि तरी पाणी फारसं आत न सोडणारा, आणि इंजिनिअर लोकांनी जमेल तितका बोगदा त्याच थरातून वळवत नेला. फ्रान्सच्या बाजूला खडकाला भेगा आणि पाणी जास्त, त्यामुळे तिकडची मशीन्स पाण्याचा दाब झेलतील अशी बंदिस्त बनवावी लागली. 1 डिसेंबर 1990 ला सर्व्हिस बोगद्यात, म्हणजे दोन रेल्वे बोगद्यांच्या मधल्या देखभालीच्या बोगद्यात, दोन्हीकडचे कामगार भेटले आणि दोन्हीकडच्या खोदकामात आडवा फरक पडला होता फक्त 36 सेंटीमीटरच्या आसपास! एकूण 50 किलोमीटर, त्यातले जवळपास 38 समुद्राखाली, तेही जीपीएस चालत नाही अशा ठिकाणी, कमालच केली राव या लोकांनी. मे 1994 मध्ये राणी एलिझाबेथ आणि फ्रान्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी उद्घाटन केलं. पण काम चालू असताना 10 कामगार गेले, त्यांची नावं दोन्हीकडच्या टर्मिनलवर ठळक दिसायला हवीत असं मला मनापासून वाटतं.