उसवलेला आठवडा

रविवारी रात्री बहिणीचा फोन आला. "आठवडाभर सुट्टी होती ना गं तुला? काय काय केलंस?"

मी टेबलाकडे पाहिलं. टेबल स्वच्छ होतं. महिनाभरात पहिल्यांदाच त्याचं लाकूड दिसत होतं. "बरंच केलं," मी म्हटलं, "पण दाखवण्यासारखं काही नाही." तिला ते पटलं नाही. पटण्यासारखं नव्हतंच.

सोमवारी क्रोशाची सुई आणि राखाडी लोकरीचा गुंडा घेऊन बसले होते. टेबलावर ठेवायला एक गोल रुमाल करायचा होता. गोलाचा हिशोब तसा सरळ असतो. खांबांचा, म्हणजे उंच टाक्यांचा गोल असेल तर दर फेरीला साधारण बारा टाके वाढवायचे, मुक्या खांबांचा, म्हणजे बुटक्या टाक्यांचा असेल तर सहा. वाढ कमी पडली की कडा वर उचलली जाते आणि रुमालाची वाटी होते. वाढ जास्त झाली की जादा टाक्यांना जागा पुरत नाही, आणि कडा लाटा मारायला लागते.

हे सगळं मला पाठ आहे. पण नमुना इंग्रजीत होता आणि त्यात 'डबल क्रोशे' असं लिहिलेलं होतं. आता ब्रिटिशांचं डबल म्हणजे आपला मुका खांब, आणि अमेरिकनांचं डबल म्हणजे आपला खांब. नाव एक, टाके दोन, आणि बहुतेक नमुने कुठल्या बाजूचे आहेत ते सांगायची तसदी घेत नाहीत. मावशीनं आम्हाला शिकवलं तेव्हा नुसतं 'खांब' म्हटलं होतं. खांब म्हटला की तो डोळ्यांसमोर उभाच राहतो, त्यात गोंधळ कसला? मी नमुना ब्रिटिश समजले, तो निघाला अमेरिकन. त्यामुळे टाके बुटके आणि वाढ मात्र उंच टाक्यांची, दर फेरीला बारा. पाचव्या फेरीला शंका आली, सातव्या फेरीला खात्री पटली, आणि आठवी फेरी मी निव्वळ हट्टानं विणली. शहाण्णव टाके. हातात आला तो रुमाल नव्हताच, परकराची झालर होती.

उसवणार होते, तेवढ्यात आठवलं की हे असं झालर-झालर विणणं कुणीतरी मुद्दाम केलेलं आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या दाइना टाइमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली क्रोशानं हायपरबोलिक पृष्ठ विणलं होतं. एका रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला न छेदणाऱ्या अनेक रेषा जातात, असं हे चमत्कारिक भूमितीतलं पृष्ठ. कागदाची मॉडेलं हाताळता हाताळता फाटायची, लोकरीचं टिकलं. अर्थात त्यांची वाढ ठरावीक प्रमाणात होती, इतक्या टाक्यांमागे एक अशी. माझी गैरसमजातून झालेली. तरी मी ती झालर मोठ्या मानानं खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवली.

टेबलावर ठेवायला तशी जागाही नव्हती. तिथे तीन आठवडे तुकडे जुळवून चित्र करायचा जिगसॉ पसरलेला होता. खोक्यावर 'हजार तुकडे' लिहिलेलं असलं तरी ते पुष्कळदा हजार नसतात. अडतीस गुणिले सत्तावीस, म्हणजे १०२६. काठाचे मोजले की हे कळतं, आणि काठाचे मी नेहमी मोजते. एकशे सव्वीस भरले की मगच आत शिरायचं. आत शिरल्यावर माझा वैरी एकच, आकाश. एकाच निळ्याचे दोनशे तुकडे. त्यात एखादा इतका बेमालूम बसतो की तो चुकीच्या जागी आहे हे चार दिवसांनी, त्याची खरी जागा रिकामी राहिली की कळतं. मग भरलेल्या आकाशात तो शोधत बसायचं.

लंडनचा जॉन स्पिल्सबरी नकाशे कोरणारा होता. १७६० च्या दशकात त्यानं लाकडावर नकाशा चिकटवून तो देशांच्या सीमांवरून कापला, मुलांना भूगोल शिकवायला. त्याच्या कोड्यात प्रत्येक तुकड्याला निदान नाव तरी होतं. माझ्या आकाशाला तेवढाही आधार नाही.

बुधवारी दुपारी शेवटचा तुकडा बसला. मी चित्रावरून तळहात फिरवला. हे मी दर वेळी करते. डोळ्यांना अखंड दिसणाऱ्या चित्राचे सगळे सांधे बोटांना लागतात. फ्रेम करून भिंतीवर लावणाऱ्यांचं मला नवल वाटतं. सुटलेलं कोडं भिंतीवर लावून रोज काय बघायचं? मी गुरुवार सकाळपर्यंत राहू दिलं आणि मग एका कोपऱ्याला धरून उचललं. कापडासारखं लोंबलं क्षणभर, आणि मोडलं. आकाशाचे तुकडे वेगळ्या पिशवीत भरून ठेवावेत असा मोह झाला होता, पुढच्या वेळची सोय म्हणून. पण ती फसवणूक झाली असती. सगळे एकत्र ओतले.

वाचन रोज रात्री होतंच. एक जाडजूड रहस्यकथा, आठ वर्षांपूर्वी वाचलेली. खुनी कोण ते मी पार विसरले होते, आणि अशा वेळी आपल्या कच्च्या स्मरणशक्तीचा फार आधार वाटतो. मात्र माळ्याचा बूट ओला आहे हे वाक्य आलं तेव्हा आत काहीतरी हललं. कोण ते आठवेना, पण बुटाचा संबंध आहे एवढं आठवलं. अर्धवट विसरणं सगळ्यात वाईट. विसरायचं तर नीट विसरावं! शेवटी मी माळ्यावर संशय घेतला आणि चुकले. आठ वर्षांपूर्वीही मी माळ्यावरच संशय घेतला होता. समासात माझ्याच अक्षरात, पेन्सिलीनं लिहिलेलं सापडलं: 'माळी!!'

शुक्रवारी शब्दकोडी सोडवली. त्यावर सांगण्यासारखं काही नाही. त्यातल्या एकात सहा अक्षरांचा शब्द अजून अडलाय.

शनिवारी संध्याकाळी तिघे मित्र आले आणि आम्ही कटान हा पटावरचा खेळ मांडला. १९९५ साली बाजारात आलेला हा खेळ क्लाउस टॉयबर या जर्मन माणसाचा. दातांच्या प्रयोगशाळेत काम करणारा माणूस, आणि खेळ रचायचा घरी, फावल्या वेळात. एकोणीस षटकोनी तुकडे पिसून मांडायचे, की दर खेपेला नवं बेट तयार. फाशांचा आवाज होऊ नये म्हणून कुणीतरी खुर्चीवरची माझी झालर ओढून टेबलावर अंथरली आणि तिथूनच भांडणाला सुरुवात झाली. फासा घडीत अडकून कोपऱ्यावर उभा राहायला लागला. तिरका पडला तर पुन्हा टाकायचा, हे सगळ्यांना मान्य. पण तिरका म्हणजे किती तिरका? यावर आम्ही खेळापेक्षा जास्त वेळ बोललो असू. दोन फाशांची छत्तीस दानं, त्यांतली सहा सातची, म्हणून सात सगळ्यात जास्त वेळा पडतो आणि सात पडला की लुटारू हलतो. मी सहा आणि आठ आकड्यांच्या तुकड्यांशेजारी घरं बांधून, ते आकडे पडायची हिशोबी माणसासारखी वाट बघत बसले. दोन्ही आकड्यांची पाच-पाच दानं, वाईट नाहीत. पण माझे आठ तिरके पडत होते आणि इतरांचे सात सपाट. माझ्या हातात नऊ पत्ते असताना सात पडला, नियमाप्रमाणे चार टाकावे लागले. "तुझ्याच रुमालाची करणी," मित्र म्हणाला.

रात्री साडेअकराला बेट उचललं. मेंढ्या, विटा, रस्ते आपापल्या पिशव्यांत गेले. ते बेट तसंच्या तसं पुन्हा कधी मांडलं जाणार नाही, आणि त्यावर मी शेवटची आले होते याचा पुरावाही उरला नाही.

रविवारी झालर उसवली. उसवण्याचा आवाज मला आवडतो, बारीक तट् तट् तट्. आठ फेऱ्यांना विणताना अख्खी सकाळ गेली होती, उसवताना पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पण उसवलेली लोकर सरळ होत नाही लगेच. प्रत्येक टाक्याचं वळण धरून बसते. तिची लड करून कोमट पाण्यात बुडवायची आणि खाली थोडं वजन बांधून वाळत टाकायची, तेव्हा कुठे ती सुधारते.

हे सगळं मी बहिणीला फोनवर सांगत होते. बाथरूममध्ये लड टपटपत होती. बहीण बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "खांबच घालायचे होते ना? मग बाराच बरोबर होते गं. आता टाके बदलून तोच नमुना कर."

"हो, वाळली की करते."

"आणि माळ्याचं काय झालं? खून त्यानंच केला ना?"

तेच पुस्तक मी तिला पुढच्या आठवड्यात देणार आहे. मी म्हटलं, "वाच म्हणजे कळेल." पेन्सिलीचं ते समासातलं अक्षर तेवढं आधी खोडायला हवं.