कुकर, पत्र आणि छत्री

गुरुवार, रात्री साडेअकरा

आज संध्याकाळी लिहायला बसले आणि तासाभरात एकच काम झालं. कथेतलं एक वाक्य खोडलं. 'या शहरानं तिला एकटं पाडलं होतं.' तीन आठवडे हे वाक्य मला फार आवडत होतं. आज मोठ्यानं वाचलं तेव्हा लक्षात आलं, त्यात काहीच दिसत नाही. शहर दिसत नाही, तीही दिसत नाही.

शहरावरच्या कितीतरी कथांत हे वाक्य थोड्याफार फरकानं भेटतं. उंच इमारत, खिडकी, खाली दिव्यांची रांग, काचेला टेकलेलं कपाळ. मीही तेच लिहीत आले. पण दिवसभर आपण माणसांतच असतो की! जिन्यात, लिफ्टमध्ये, गाडीत खांद्याला खांदा लागलेला. कमी पडतो तो वेळ, आणि दोघांना मोकळेपणानं बसता येईल अशी जागा. दिवस संपल्यावर जे उरेल त्यात नातं जगवायचं असतं. हे दिसलं पाहिजे कथेत.

पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' पाहिल्यापासून त्यातला राइस कुकर डोक्यातून जात नाही. कान महोत्सवात २०२४ साली 'ग्रां प्री' मिळालेला हा चित्रपट मुंबईतल्या नर्सेसचा आहे. प्रभाचा नवरा लग्नानंतर जर्मनीला गेलेला, आता त्याचा फोनही येत नाही. एक दिवस पार्सल येतं आणि त्यातून निघतो जर्मनीत बनलेला लाल कुकर. कुणी पाठवला, का पाठवला, ते तिनं आपलं समजून घ्यायचं. मग रात्री ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून त्या कुकरला मिठी मारते. बस, एवढंच. थंडगार भांडं आणि तिचे हात. मी पानंच्या पानं लिहूनही तिथं पोचले नसते. त्याच चित्रपटात अनू आणि शियाझ प्रेमात आहेत, आणि एवढ्या मुंबईत त्यांना दार लावून घेता येईल अशी एक खोली मिळत नाही. शहर काय करतं नात्याचं, ते इथं कळतं.

दुसरं आठवलं ते सोफी काल या फ्रेंच कलावतीचं काम. तिच्या प्रियकरानं नातं संपवल्याचं ईमेलनं कळवलं. शेवटची ओळ होती, काळजी घ्या. तिनं ते ईमेल १०७ जणींना दिलं आणि सांगितलं, तुमच्या तुमच्या व्यवसायाच्या नजरेनं हे वाचा. मुद्रितशोधन करणारीनं भाषा तपासली, नेमबाज बाईनं त्या कागदावर गोळ्या झाडल्या. २००७ च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात, फ्रान्सच्या दालनात हे सगळं मांडलं होतं. मला यातलं धाडस आवडतंच, पण त्याहून जास्त आवडतं ते हे, की एका बाईचं दुःख इतक्या अनोळखी बायकांनी आपापल्या हातात घेऊन पाहिलं. ज्या गर्दीला आपण कथेत सारखी दूषणं देतो, तिनंच हे केलं.

'काळजी घे' या दोन शब्दांवर मात्र मी अडले. फोन काढून पाहिला. माझ्या सगळ्यांत जवळच्या मैत्रिणीचे आणि माझे शेवटचे सहा निरोप. 'भेटू या', 'नक्की', 'या महिन्यात जमवूच', 'काळजी घे', 'तूही घे', 'भेटू या'. आम्ही एकाच शहरात राहतो. शेवटचं भेटून दोन वर्षं झाली. रागावणं नाही, भांडण नाही, काहीच घडलेलं नाही.

त्या भेटीत तिची छत्री इथं राहिली. दाराच्या मागं खिळ्याला टांगलेली आहे. निळी, एक काडी वाकलेली, पट्टीचं बटण तुटलं म्हणून तिनं केसांचं रबर गुंडाळलेलं. रबर आता वाळून चिकटलंय, ओढलं तर तुटेल. दोन पावसाळे मी ती छत्री वापरलेली नाही आणि परतही केलेली नाही.

खोडलेल्या वाक्याच्या जागी छत्री लिहिली. साडेआठ ओळी झाल्या. खिडकी काढून टाकली.

मग उशीर झाला होता तरी तिला फोन केला. तिनंही लगेच उचलला. छत्रीचं सांगितलं, तर क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "आहे अजून? राहू दे तुझ्याकडेच. न्यायला येईन मी."