नळाला रेवा

एखादा बँड आवडला की मला गप्प बसवत नाही. समोरचा विचारतो, "कसं असतं रे त्यांचं?" आणि तिथेच माझी गाडी अडते. 'इंडियन ओशन'च्या बाबतीत तर वीस वर्षं अडतेय. रॉक म्हणावं तर मध्येच तबला. फ्यूजन म्हणावं तर सतार आणि कीबोर्डचं जबरदस्तीनं लावलेलं लग्न डोळ्यांसमोर येतं. आमच्या इंदूरच्या मराठीला 'मिक्स' म्हणणारे पुणेकर पाहुणे आठवतात. आम्ही काही मिक्स करायला बसत नाही हो, तोंडातून तसंच येतं. या मंडळींचंही तसंच आहे.

१९९० साली दिल्लीत सुष्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी हा बँड सुरू केला. सुष्मितची गिटार रागाच्या वळणानं चालायची. असीमदा मांडी घालून तबला वाजवत आणि वाजवता वाजवताच गात. अमित किलाम ड्रम सोडून मध्येच बंगालच्या बाऊल गायकांचं गबगुबी हे वाद्य काखेत धरतो. २००० सालच्या 'कंडिसा' या अल्बमचं शीर्षकगीत म्हणजे केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना. एक अक्षर कळत नाही आणि तरी अंगावर काटा येतो. २००९ मध्ये असीमदा गेले, २०१३ मध्ये सुष्मित बाहेर पडला. नंतरचंही ऐकतो, पण कुणाला अल्बम द्यायचा झाला तर 'कंडिसा'च देतो.

त्यातच 'मा रेवा' आहे. रेवा म्हणजे नर्मदा. बास वाजवणारा राहुल राम अमेरिकेत पीएचडी करून आला आणि काही वर्षं नर्मदा आंदोलनात राहिला. हे लोकगीत त्या खोऱ्यातलं.

आता नर्मदा म्हणजे आमच्या घरी नदी नव्हे, नळ. १९७८ पासून ती सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून, पंपांच्या जोरावर घाट चढून इंदुरात येते. "नर्मदा आली गं!" ही हाक ऐकत रामबागेतली आमची पिढी वाढली. (नदीसाठी लढणाऱ्यांचं गाणं मी तिचंच उपसलेलं पाणी पीत ऐकतो, हे मधूनमधून टोचतं.)

एकदा पाण्याच्या दिवशी सकाळी ओट्यावर मोबाईल ठेवून मी ते गाणं लावलं. आत्या हंडा भरत होती. तिची पायी परिक्रमा झालेली. गिटार-बिटार ऐकलं की ती "बंद कर ते" म्हणते. या वेळी काही बोलली नाही. थोड्या वेळानं विचारलं, "परिक्रमेतले आहेत का रे हे?"

"नाही गं, दिल्लीचे."

"असं होय," म्हणाली.

पाणी आमच्याकडे जेमतेम पाऊण तास येतं. बाहेर दोन बादल्या रिकाम्या होत्या. धारेच्या आवाजात नीट ऐकू येईना, म्हणून आत्यानं नळ बारीक केला.