ताडपत्रीची क्लिप जाहिरातीत जाईपर्यंत

सातारा जिल्ह्यातल्या एका आठवडी बाजारात वळवाची सर आली. भाजीवाल्या मावशींनी आपली निळी ताडपत्री शेजारच्या दोघांच्या मालावरही ओढली आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली. ही क्लिप सगळीकडे फिरायला लागली आणि आमच्या एजन्सीत ताडपत्री बनवणाऱ्या कंपनीचा फोन आला: "यावर लोगो टाका, संध्याकाळी पेजवर सोडा. उद्या लोक विसरतील."

घाई रास्त होती. पण हातात होती ती फॉरवर्ड होऊन आलेली कॉपी: चित्र फुटलेलं, कोपऱ्यात मीम पेजचा वॉटरमार्क, खाली हिंदी गाणं. अशी क्लिप जाहिरातीत वापरणं म्हणजे दुसऱ्याच्या मालावर आपलं लेबल लावणं. 'सौजन्य: सोशल मीडिया' ही परवानगी नव्हे. 1957च्या कॉपीराइट कायद्यात चालू घडामोडींच्या वार्तांकनाला काही सूट आहे. जाहिरातीला ती लागू होत नाही.

क्लिपमधल्या स्पष्ट फ्रेम काढून रिव्हर्स इमेज सर्चला, म्हणजे चित्रावरून चित्र शोधणाऱ्या सर्चला, टाकल्या. सगळ्यात जुनी पोस्ट आणि सगळ्यात लांब तुकडा, दोन्ही एकाच अकाउंटवर सापडले. कॉपी करणारे क्लिप छाटतात, त्यामुळे लांबी हा चांगला पुरावा असतो. चित्रीकरण करणारा तरुण त्याच गावचा निघाला. त्याला गॅलरीतली फाइल व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगितली. साध्या व्हिडिओसारखी पाठवली की फाइल दाबली जाते, फोनचं मॉडेल आणि चित्रीकरणाची वेळ पुसली जाते. मूळ फाइलमध्ये दोन्ही होतं. शिवाय गाणं नव्हतं. होता तो ताडपत्रीवर आपटणारा पाऊस आणि मावशींची हाक, "अगं, कोथिंबीर झाक आधी!" गाण्याचा प्रश्नच मिटला. खासगी अकाउंटला इन्स्टाग्राम जे गाणं वापरू देतं, ते कंपनीच्या जाहिरातीला चालत नाही. त्याचे हक्क म्युझिक कंपनीकडून वेगळे घ्यावे लागतात.

खरा धक्का पुढे होता. या तरुणाच्या स्वतःच्या यूट्यूब व्हिडिओवर एका वृत्तवाहिनीचा कॉपीराइट क्लेम लागला होता! वाहिनीने क्लिप बातमीत दाखवली आणि अख्खं बुलेटिन कंटेंट आयडीमध्ये, म्हणजे जुळणारे व्हिडिओ आपोआप पकडणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत, संदर्भ म्हणून चढवलं. यंत्रणेला क्लिप जुळली आणि मूळ मालकच चोर ठरला. बुलेटिनमधला बाहेरचा मजकूर संदर्भातून वगळणं ही वाहिनीची जबाबदारी असते, आणि ती टाळली की भुर्दंड चित्रीकरण करणाऱ्याला बसतो. मला हे अजिबात मान्य नाही. डिस्प्युट, म्हणजे क्लेमवर हरकत, टाकला की क्लेम करणाऱ्याला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात. तोवर पावसाळा निम्मा सरतो. क्लेम लागल्यापासून पाच दिवसांत डिस्प्युट टाकला, तर पहिल्या दिवसापासूनचं उत्पन्न राखून ठेवलं जातं, म्हणून तो आधी टाकायला लावला. मग मूळ फाइल जोडून वाहिनीच्या हक्क विभागाला थेट मेल केला. त्यांनी क्लेम सोडला.

तरुणाशी क्लिप वापरण्याचा करार केला, लेखी आणि सहीचा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. आम्ही एक वर्ष, भारत, फक्त डिजिटल असं स्पष्ट लिहिलं. क्लिपवरून केलेली जाहिरातीची रील तरुणही स्वतःच्या अकाउंटवरून टाकणार होता. जाहिरात मानक परिषदेच्या नियमाप्रमाणे 15 सेकंदांहून मोठ्या आणि दोन मिनिटांहून लहान व्हिडिओत 'जाहिरात' हे लेबल एक तृतीयांश वेळ दिसायला हवं. 24 सेकंदांच्या रीलला 8 सेकंद.

मावशींचं संमतीपत्र वेगळं केलं, मराठीत, आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांचं मानधनही स्वतंत्र. क्लिपचा हक्क तरुणाचा असला तरी चेहरा त्यांचा होता, आणि जाहिरात उभी होती ती त्यांच्या दोन हातांवर.

रील गेल्यावर कंपनीला तीच क्लिप टीव्हीवर हवी झाली. उभी क्लिप 1920 बाय 1080च्या आडव्या चौकटीत जेमतेम 608 पिक्सेल रुंद बसते, बाकी जागा धूसर पार्श्वभूमीने भरावी लागते. त्याआधी टीव्हीचा नवा करार आणि दोघांचं नवं मानधन ठरवलं.